रविवारी संध्याकाळी मेस बंद असते

प्रिय ताई,

मी २७ वर्षांची आहे. गाव बार्शी तालुक्यात. चार वर्षांपासून पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करते. अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या टेबलवर तो बसायचा. मराठवाड्यातला. तीन वर्षं आम्ही एकत्र अभ्यास केला. अर्थशास्त्राच्या नोट्स मी काढायचे, तो मला पूर्वपरीक्षेतल्या सीसॅटच्या पेपरची गणितं शिकवायचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये २५ तारखेची पूर्वपरीक्षा पुढे ढकला म्हणून सगळी मुलं शास्त्री रस्त्यावर बसली होती. रात्री पाऊस आला, तेव्हा त्याने अंगातली जर्किन काढून मला दिली. लग्नाचं तो पहिल्यांदा त्याच रात्री बोलला. आमची जात वेगळी आहे. तो म्हणायचा, ‘एकदा पोस्ट निघू दे, मग घरचे काही बोलणार नाहीत.’

पोस्ट निघाली. एसटीआय, म्हणजे राज्य कर निरीक्षक झाला. मी दोन मार्कांनी लटकले. तरी निकालादिवशी अभ्यासिकेखाली गुलाल उधळला तेव्हा सगळ्यात जास्त मीच नाचले. गावातल्या सत्काराचा व्हिडिओ त्याने मला पाठवला. भाषणात आई-वडील, मामा, सर, रूममेट, अगदी चहावाल्याचंसुद्धा नाव होतं. माझं नव्हतं. तीन महिन्यांनी म्हणाला, घरचे ऐकत नाहीत, आईने जेवण सोडलंय. आता मार्गशीर्षात त्याचं लग्न आहे. मुलगी त्यांच्यातलीच, नोकरीला लागलेली. पत्रिका मला व्हॉट्सॲपवर आली. खाली लिहिलंय, ‘तू यायलाच पाहिजे.’ अभ्यासिकेतली सगळी ट्रॅव्हलर करून चालली आहेत.

मैत्रिणी म्हणतात, तू बावळट आहेस, आम्हाला आधीच दिसत होतं. खरं तर मलाही दिसत होतं. तीन वर्षांत त्याने घरच्यांशी एकदाही माझं बोलणं करून दिलं नाही. एकदा झेड ब्रिजवर त्याच्या गावचा कुणी दिसला तर हा मला सोडून झपझप पुढे निघून गेला. मी काही बोलले नाही. रूममेट म्हणते, जुने चॅट त्या मुलीच्या घरी पाठव.

मला रडू येत नाही, नुसता राग येतो, तोही भलत्याच गोष्टींचा. रूममेटचा साडेचारचा अलार्म पाच वेळा वाजतो. कुणीतरी माझी बादली वापरतं. परवा मेसमध्ये वरण पातळ होतं म्हणून मावशींना वाटेल ते बोलले. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा आम्ही दोघं भुर्जी-पाव खायला जायचो. आता मी बिस्किटं खाऊन झोपते. कधीकधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही. मी लग्नाला जाऊ का? अभ्यास सोडून गावी जाऊ का? आणि मी इतकी भोळी कशी निघाले?

– एक वाचक, पुणे


पोरी,

तुझ्या सगळ्या प्रश्नांकडे येते. पण बिस्किटं आणि पुस्तक यांच्या मधे तू एक वाक्य लिहून गेली आहेस, झोपावं आणि उठूच नये. बादलीच्या तक्रारीइतक्याच सहज लिहिलं आहेस. हा नुसता थकवा आहे की त्यापुढचं काही, ते पत्रावरून मला ओळखता येणार नाही. तुझं तुलाही कदाचित नीट सांगता येणार नाही. म्हणून आज हे पत्र वाचून झालं की १४४१६ या नंबरावर फोन लाव. टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ‘मला एवढं काही झालेलं नाही’ असं म्हणून फोन टाळू नकोस. काही व्हायच्या आधी बोलायचं असतं. दुसरं म्हणजे, हेच वाक्य रूममेटला सांग. जिच्या अलार्मने तू वैतागतेस तिलाच. ती तुझ्यापासून दोन हातांवर झोपते. रात्री दोनला तुला जे वाटतं ते ऐकायला तिच्याइतकं जवळ दुसरं कुणी नाही.

आता त्या वरणाबद्दल.

रडू येत नाही, राग येतो, हे वाचलं आणि मला १९८६ चा उन्हाळा आठवला. मी मिरजेत होते, बावीस वर्षांची. पुण्यात शिकणाऱ्या एका मुलाची पत्रं मला यायची. पोस्टमन अकराच्या सुमाराला गल्लीत शिरायचा, आणि पावणेअकरापासून माझं काहीतरी काम दारातच निघायचं. एका महिन्यात पत्रं थांबली. शेजारच्या काकूंच्या तोंडून कळलं की त्याचा साखरपुडा झाला. मी कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. काढणार काय? घरात कुणाला माहीतच नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात मी रॉकेलच्या रांगेत दोन बायकांशी भांडले, धाकट्या भावाच्या चपला दारात आडव्या पडल्या म्हणून त्या रस्त्यावर फेकल्या, आणि दूध उतू गेलं त्या दिवशी पातेलं इतकं आपटलं की त्याला पोचा आला. ते पोचा आलेलं पातेलं आईकडे पुढे कितीतरी वर्षं होतं. मी स्वतःला समजावत होते की मला काही झालेलं नाही, लोकच वाईट वागताहेत.

तुझंही तेच चाललंय. ज्याच्यावर रागवायचं त्याच्यासमोर तू अजून एकदाही रागावलेली नाहीस. त्याने सांगितलं, आई जेवत नाही, आणि तू ऐकून घेतलंस. पत्रिका आली, तीही तू बघितलीस. मग तो राग जाणार कुठे? जिथे धोका नाही तिथे तो जातो. मावशी उलटून बोलणार नाहीत, बादली तर बोलणारच नाही. पातळ वरण रोजचंच आहे. गेली चार वर्षं ते पातळच असणार आणि तू ते मुकाट्याने भातावर घेतही असशील. परवा ते सहन झालं नाही, कारण दुसरं काहीतरी आधीच सहन करून करून तू भरून गेली होतीस.

तेव्हा मावशींची माफी माग. लांबण लावू नकोस. ‘मावशी, परवा चुकलं माझं, मन ठिकाणावर नव्हतं’ एवढं पुरे. पन्नास-साठ पोरापोरींचं जेवण करणाऱ्या बाईला कुणाचा जीव कशाने कातावलाय हे आपल्यापेक्षा लवकर कळतं.

पण त्याच्यावरचा राग मात्र आवरू नकोस. एका कागदावर त्याला पत्र लिही, जे पाठवायचं नाही. गुलालाचं लिही, सत्काराचं लिही. खरं सांगते, तुझ्या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त राग त्या भाषणाचा आला. लग्न मोडायला त्याला घरच्यांचा दाब आड करता येतो. पण ‘अर्थशास्त्राच्या नोट्स माझ्या एका मैत्रिणीने काढून दिल्या’ एवढं म्हणायला कोणती जात आडवी येत होती? चहावाल्याचं नाव घेतलं हे चांगलंच केलं. पण ज्या वहीवरून त्याने पेपर लिहिला त्या वहीचं अक्षर कुणाचं, हे त्या मांडवात बसलेल्या एकालाही कळलं नाही. तू नाचलीस ती मनापासून नाचलीस. त्याची लाज तू का बाळगायची?

आता ती जर्किन. तू विचारलेलं नाहीस, पण पत्रभर एकच प्रश्न आहे की ते सगळं खोटं होतं का. मला नाही तसं वाटत. त्या ऑगस्टमध्ये शास्त्री रस्त्यावर बसलेल्या मुलांकडे काय होतं? बँकांच्या नोकरीची आयबीपीएस परीक्षा त्याच तारखेला, कृषी सेवेच्या जागा आयोगाच्या त्याच परीक्षेत घ्याव्यात ही मागणी, आणि उद्या काय होणार याची कुणालाच खात्री नाही. अखेर आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. पण त्या रात्री तो आणि तू सारखेच भिजत होता. अशा वेळी माणूस जर्किन देतो ती मनापासूनच देतो. आणि पोस्ट निघाली की घरचे गप्प बसतील, हेही त्याला तेव्हा खरंच वाटत असणार.

चूक कुठे झाली तर पोस्ट निघाली की काय होतं, याचा अंदाज त्याला नव्हता, आणि तुलाही नव्हता. तुम्हाला वाटलं पोस्टने तोंडं बंद होतात. होतं उलटंच. निकाल लागेपर्यंत ज्या मुलाकडे भावकीतलं कुणी ढुंकून बघत नाही, त्याच्या दारात आठ दिवसांत स्थळं येतात. मामा बोलायला लागतात. चौकात फ्लेक्स लागतो. शाल-श्रीफळ घेऊन माणसं येतात, आणि प्रत्येक शालीबरोबर एक अपेक्षा खांद्यावर येऊन पडते. ज्याच्याजवळ गमावायला काही नव्हतं त्याच्याजवळ एकाएकी पुष्कळ झालं, आणि तो भ्यायला. गावोगावच्या अशा घरांतून मला किती पत्रं येतात म्हणून सांगू. आपल्याकडे मुलाची नोकरी म्हणजे अजूनही लग्नाच्या बाजारात मांडायचा माल आहे, आणि जात ही त्या बाजाराची वेस. हे लिहायला मला लाज वाटते, पण खरं आहे.

हे मी त्याला माफी मिळावी म्हणून सांगत नाही. तू रोज राज्यघटना वाचतेस, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची, ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. घरच्यांची सही लागत नाही. सत्तर वर्षांपूर्वी काढलेला रस्ता आहे. त्या रस्त्याने जाणं सोपं नसतं, आणि काही घरांत तर जिवाची भीती असते, हेही मी जाणते. पण तो त्या रस्त्याच्या तोंडाशीदेखील गेला नाही. त्याच्या आईने जेवण सोडलं. तुझ्यासाठी त्याने एक वेळचं तरी सोडलं का? ‘त्याला जमलं नाही’ असं तू मनाशी म्हणत असशील तर म्हणू नकोस. त्याने केलं नाही. दोन्हींत फरक आहे, आणि हा फरक तुला नीट दिसला की त्याची वाट बघणं आपोआप थांबेल. तू अजून वाट बघते आहेस. नसतीस तर पत्रिकेखालची ती ओळ मला उतरवून पाठवली नसतीस.

लग्नाला जाऊ नकोस. ‘मी किती मोठ्या मनाची’ हे दाखवायला जाशील, आणि अक्षता हातात असताना मागच्या रांगेत उभी राहून तुला जे होईल ते बघायला ट्रॅव्हलरमधली सगळी पोरं असतील. पत्रिकेला उत्तर द्यायचं बंधन नसतं. त्याचा नंबर काढून टाक. अभ्यासिकेच्या ग्रुपमधून महिनाभर बाहेर पड. कुणी विचारलं तर ‘घरी काम आहे’ एवढं सांग. आणि काम खरंच आहे, ते पुढे सांगते.

चॅट पाठवायचं रूममेट म्हणते, ते तुझ्यावरच्या मायेपोटी. पण ऐकू नकोस. त्या मुलीने तुझं काय वाईट केलंय? तिच्या घरी तो फोन हातोहात फिरेल, तिच्या वडिलांच्या, चुलत्यांच्या, मामांच्या, आणि तुझी ती रात्री दोनची वाक्यं, जी तू एकाच माणसासाठी लिहिली होतीस, ती दहा अनोळखी माणसं मोठ्याने वाचतील. तुझा भोळेपणा तू विचारतेस ना, तो त्या वाक्यांत आहे. तो असा चव्हाट्यावर मांडू नकोस. हां, त्याने कधी तुझे फोटो, मेसेज वापरून धमकावलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा एक क्षण न थांबता पोलिसांत जा, आणि एकटी जाऊ नकोस.

आता भोळेपणाचं. मैत्रिणी म्हणतात, आम्हाला आधीच दिसत होतं. दिसत होतं तर तेव्हा का नाही बोलल्या? निकाल लागल्यावर उत्तरतालिका सगळ्यांनाच पाठ असते. त्यांच्या बोलण्याने तू स्वतःला बावळट ठरवू नकोस.

मात्र एक गोष्ट तुझ्या पत्रातलीच आहे आणि ती तुला सांगायला हवी. भोळी बाई ती, जिला दिसत नाही. तुला झेड ब्रिजवर दिसलं होतं. तो तुझा हात सोडून पुढे गेला तेव्हा तुझ्या पोटात काहीतरी हललं होतं, नाहीतर इतक्या दिवसांनी तू ते लिहिलं नसतंस. त्या पुलावर दर संध्याकाळी शेकडो जोडपी बसतात, आणि सगळ्यांनाच कुणी ओळखीचं दिसेल ही भीती असते. म्हणून तू स्वतःची समजूत घातलीस. मी तुला दोष देत नाही. मीही पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे तेव्हा त्या पत्रांत भेटीचा विषय कमी कमी होत चालला होता, आणि मी तेवढ्या ओळी भरभर वाचून पुढे जायचे. याला भोळेपणा म्हणत नाहीत. विचारलं तर हातातलं जाईल, ही भीती असते. पुढे कधी कुणी आवडलं, आणि आवडेल, तर एवढंच कर, भीती वाटेल तेव्हाच विचार. ‘घरी सांगणार का’ असं नको, ‘घरी कधी सांगणार’ असं विचार. उत्तरात दिवाळी, गुढीपाडवा असं काही आलं तर ठीक. ‘बघू, आधी पोस्ट निघू दे’ असं आलं तर तू ऐकलंस ते उत्तर आहे असं समज.

पण विश्वास ठेवायचाच नाही, असं जे तुझ्या मनात शिजत असेल, त्याच्याबद्दल मला भीती वाटते. तू बार्शीकडची, तुला हुरडा सांगायला नको. कणसात दाणा हिरवा, दुधाळ असतो, आगटीवर भाजून तळहातावर चोळला की गोड लागतो, आणि ते दिवस मोजकेच. मग दाणा टणक होतो. म्हणून कुणी शेतकरी रडत बसत नाही की हुरडा गेला. तीच ज्वारी मळून, पोत्यात भरून वर्षभर घराला भाकरी देते. तुझं ते पहिलं, न विचारता सगळं देऊन टाकणारं प्रेम आता परत यायचं नाही. मलाही नाही आलं. माझं लग्न झालं ते मी चाळीस प्रश्न विचारून केलं, आणि त्या माणसाने चाळीसांची उत्तरं दिली, काहींना दोन-दोन दिवस घेऊन. त्याच्यावर माझा जीव कमी होता असं समजू नकोस. ते गेल्याला आता सहा वर्षं झाली. अजून सकाळी चहा करताना हात आपोआप दुसऱ्या कपाकडे जातो.

अभ्यासाचं. सोडायचा असेल तर सोड, पण आत्ता ठरवू नकोस. आत्ता ठरवलंस तर तो निर्णय त्याच्या लग्नाच्या तारखेने घेतलेला असेल. वयाची अडचण तुला नाही. खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत मुभा आहे. पण मुभा आहे म्हणून आयुष्याची तितकी वर्षं कॉटवर काढावीत असंही मला मुळीच वाटत नाही. अर्ज लाखांनी येतात आणि जागा शेकड्यांत असतात, हे कुणी कितीही प्रेरणादायी भाषणं केली तरी बदलत नाही. तू दोन मार्कांनी राहिलीस. म्हणजे तू बसू शकत होतीस त्या खुर्चीत, आणि नाही बसलीस. यात तुझी लायकी कमी पडली असं मी म्हणणार नाही, आणि पुढच्या वेळी नक्की होईल असंही म्हणणार नाही.

एक मात्र बघ. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, त्यातले दोन भाषांचे नुसते पास होण्यापुरते, बाकी सातांचे १७५० गुण, त्यात निबंधाचेच २५०. वैकल्पिक विषयाचे दोन पेपर. तू अर्थशास्त्राच्या नोट्स काढायचीस आणि त्या वाचून दुसरा माणूस पास झाला. गोळे काळे करणाऱ्या परीक्षेत तुझ्या हातातली ही कला कुणाला दिसली नव्हती. तुझ्या पत्रातसुद्धा दिसते, गुलालाचं आणि चहावाल्याचं तू दोन ओळींत जे लिहिलंस ते मला दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. तेव्हा एक तारीख स्वतःच ठरव, वर्षभरापुढची म्हण, आणि वहीत लिही. तोवर हा नवा पॅटर्न एकदा मनापासून देऊन बघ, आणि त्याच वेळी गट क, बँक, जिल्हा न्यायालयाची भरती, जे जे निघेल त्याचे फॉर्म भर. ‘प्लॅन बी’ म्हटलं की तुमच्या पेठेत जणू हार मानल्यासारखं बघतात. हा मूर्खपणा आहे. पगार हातात आला की माणसाची मान सरळ होते, आणि मग ती तारीख आली की तुला मोकळ्या मनाने ठरवता येईल.

टेबल बदल. हे अगदी उद्या. अभ्यासिकेच्या मालकाला सांग, दुसऱ्या खोलीत, खिडकीकडे, कुठेही, पण त्या रिकाम्या खुर्चीशेजारी नको. अक्षरं दिसतात आणि अर्थ लागत नाही, त्याचं निम्मं कारण ती खुर्ची आहे. आणि त्या जुन्या अर्थशास्त्राच्या वह्या नव्याने काढ. तसंही अर्थसंकल्प आणि आर्थिक पाहणी दरवर्षी नवी येते, आकडे शिळे होतात. त्याची सीसॅटची वही असेल तर त्यातल्या रीती आपल्या वहीत उतरवून घे आणि ती रद्दीत दे. जाळबीळ करू नकोस. जाळायला बसलीस तर एकेक पान वाचशील.

आणि आता ते काम.

तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही असं तू धरून चालली आहेस, पत्रात तिचं नावसुद्धा नाही. रोज रात्री फोन येतो ना? ‘जेवलीस का’ विचारते आणि तू ‘हो’ म्हणतेस, रविवारीसुद्धा. माझ्या आईचं सांगते. त्या उन्हाळ्यात वैशाखात आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. ती सोऱ्या फिरवत होती, मी ताटं सरकवत होते. मान वर न करता ती म्हणाली, ‘पोस्टमन येईनासा झाला गं हल्ली.’ एवढंच. मी तिथेच बसून रडले, चीक हाताला तसाच. तिला वर्षभर ठाऊक होतं. ती रागावलीही नाही आणि समजूतही घालत बसली नाही. म्हणाली, ‘ऊन वर यायच्या आत एवढा घाणा संपवू.’ त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

तुझी आई कशी आहे मला माहीत नाही. जात, लग्न, पुण्यातला खर्च, यावरून ती दोन शब्द बोलेलही. पण मुलीचा आवाज बारीक झालेला आईला फोनवर कळतो. वडिलांना आत्ताच सांगायला हवं असं नाही. ते तिच्यावर सोड, तिला वेळ कळेल.

तेव्हा असं कर. ज्या दिवशी ती ट्रॅव्हलर निघेल त्याच दिवशी तू बार्शीची एसटी पकड. बायकांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ते पैसे तुझ्याजवळ असतील. खिडकीची जागा घे. टेंभुर्णी, कुर्डुवाडी मागे पडेस्तोवर रडू आलं तर येऊ दे, एसटीत कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर एखादी म्हातारीच विचारेल आणि स्वतःचा डबा उघडेल. घरी गेल्या गेल्या बोलू नकोस. आधी जेव. रात्री आई भांडी आवरायला बसली की तिच्याशेजारी बस, आणि भांडी विसळता विसळता सांग. समोरासमोर बसून असं सांगता येत नाही, हात कामात असले की येतं.

रविवारची संध्याकाळ तिथेच काढ. लवकर पेरलेल्या रानात तोवर हुरडा आलेला असेल. सोमवारी निघताना थोडा पिशवीत घे, दुपारपर्यंत पुण्यात पोचशील, आणि खोलीवर जायच्या आधी मेसच्या मावशींना नेऊन दे.

तुझी,
ताई